दहा ठसे

विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून अटक केलेल्या हौशीरामचे ठसे काही केल्या स्पष्ट उमटेनात. नारायणगावच्या मळ्यांत महिनाभर टोमॅटो तोडून बोटांवर काळाहिरवा राप चढला होता. “मुद्दाम बोटं हलवतोय,” हवालदार म्हणाले. “न्हाई ओ साहेब. कच्चा टमाटा चोळला की निघंल समदं.” ठसे घेणाऱ्या ताईंनी खरंच हिरवे टोमॅटो मागवले, त्याचं एकेक बोट स्वतः चोळून धुतलं आणि दहाही ठसे स्वच्छ उतरवले. स्टार्टरच्या पेटीवर राहिलेल्या चोराच्या ठशांशी ते जुळले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. “काका, खटल्याविना सुटलात, म्हणून कायद्याप्रमाणे तुमचे ठसे आता नष्ट होतील,” ताई म्हणाल्या. हौशीरामनं हात जोडले. त्याची बाजू आजवर कुणी एवढ्या निगुतीनं पाहिलीच नव्हती. “ऱ्हाऊ द्या, ताई. पुन्यांदा कुणी माझं नाव घेतलं, तर दाखवायला व्हतील.”