जाळातला चौथा

सत्यमनं चर्चमध्ये साक्ष द्यायला तिसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा रेवणप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सगळी मंडळी तुझ्यासाठी येणार आन तू मूग गिळून बसणार?"

"बसत न्हाई. दिसलं तेवढं सांगतो, आप्पा. एक माणूस होता."

"माणूस न्हाई. देवाचा दूत."

सत्यमच्या हाताच्या पट्ट्या आता सुटल्या होत्या, फक्त डाव्या मनगटावर नवी गुलाबी कातडी दिसत होती. रेवणप्पांना त्या मनगटाचाही अभिमान होता. आल्यागेल्याला ते मुलाचा हात स्वतःच वर धरून दाखवत.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी भर दुपारी, सत्यम कामाला होता त्या डाळमिलच्या गोदामाला आग लागली. आत सत्यम, अमरेश आणि वैजनाथ असे तिघं होते. पेटत्या पोत्यांची थप्पी दारातच कोसळली आणि धुरात एकाला दुसरा दिसेना. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या डोक्यावर ओली पोती टाकली, एकेकाचं मनगट धरून मागच्या झरोक्यापर्यंत ओढत नेलं आणि खालून रेटा देऊन बाहेर ढकललं. तिघं बाहेर पडले आणि मागं छप्पर खाली बसलं.

चौथं कुणी बाहेर आलं नाही. मुकादमानं हजेरीबुक उघडलं. नावं तीन होती आणि तिघंही समोर खोकत बसले होते.

मग तो कोण होता? दवाखान्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी सत्यमच्या खाटेशी बसून पवित्र शास्त्र उघडलं. राजानं तीन तरुणांना भट्टीत टाकलं, वाकून पाहिलं तर आत चौघं फिरत होते, आणि एकाचाही केस करपला नाही. वाचता वाचता पाळकसाहेबांचाच आवाज कापायला लागला. रेवणप्पांनी तेवढा भाग त्यांना पुन्हा वाचायला लावला.

जळकोटच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिपाईपणा केला होता. घंटा त्यांनी वाजवायची आणि भाषणं दुसऱ्यांनी करायची. मंडळीतही ते शेवटच्या बाकावर बसत. आता औशाहून, शिरूर अनंतपाळहून लोक जीप करून त्यांचं घर विचारत येत होते. बाया तान्ही लेकरं सत्यमच्या मांडीवर ठेवत होत्या. रेवणप्पा ताठ मानेनं चालू लागले होते, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना शोभतही होतं. मुलगा आगीतून परत आल्यावर कुठला बाप मान खाली घालून चालेल?

गिरणीचे मालकही शाल घेऊन आले. ते हिंदू होते, पण दूताची गोष्ट त्यांना मंडळीतल्या कुणापेक्षाही जास्त पटली होती. देवाचे आभार मानायला रविवारी ठेवलेल्या उपकारस्तुतीच्या जेवणाची सगळी व्यवस्था आपण करू, असं त्यांनी आपणहून सांगितलं. माणूस कामाचा होता. पंचनामा त्यांनी त्याच दुपारी आटोपून घेतला होता, आणि तीन दिवस धुमसणारी डाळ जेसीबीनं लोटून गोदामाची जागासुद्धा सपाट केली होती.

एवढं सगळं जुळून आलेलं, आणि सत्यमची मात्र एकच कुरकुर.

"त्याचा हात लई खरबरीत होता, आप्पा."

"देवाच्या दूताला काय कामं नसतात व्हय?"

"आन तो खोकत होता."

रेवणप्पांनी जरा विचार केला.

"खोकल्याचं तेवढं सांगू नको," ते म्हणाले.

रविवारी ख्रिस्तमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. रेवणप्पा आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसले. सत्यम उभा राहिला आणि त्यानं धूर, ओली पोती, झरोका असं सगळं हळूहळू सांगितलं. एके ठिकाणी तो अडखळला. त्यानं वडिलांकडे पाहिलं आणि पुढचं बोलू लागला. "आम्ही तिघं होतो. चौथा आमच्यासंगं होता," असं म्हणून तो खाली बसला. लोक रडत होते. रेवणप्पाही रडले, आणि डोळे पुसायची त्यांना लाज वाटली नाही. त्यांच्या घरावर देवाचा हात आहे, हे आता अख्ख्या तालुक्याला ठाऊक झालं होतं.

जेवणाच्या पंगती उठल्यावर मांडवाच्या कडेला एक बाई उभी दिसली. तिशीची असेल. कपाळाला ठसठशीत कुंकू, पायांवर धूळ. तिनं नाव मल्लम्मा सांगितलं. देगलूरकडच्या एका खेड्यातून दोन एस.ट्या बदलून ती आली होती. अशा बाया रेवणप्पांना आता सवयीच्या झाल्या होत्या. त्यांनी सत्यमला हाक मारली.

"ये माय. पोरगं डोक्यावर हात ठेवंल."

बाई वाकली नाही. ती सत्यमच्या तोंडाकडे बघत राहिली.

"जाळात चौथा दिसला म्हनून आमच्या गावापस्तोर आलंय. खरं हाय का?"

"तिघं साक्षीला हायती," रेवणप्पा म्हणाले.

"जिता होता?"

रेवणप्पांना हसू आलं. "जिता म्हंजे? त्यानंच तर एकेकाला उचलून भाईर टाकलं."

बाईनं पदर तोंडाला लावला. खांदे हलले, मग शांत झाले. पदर काढला तेव्हा ती हसत होती. तिनं खाली वाकून रेवणप्पांच्याच पायांना हात लावला.

"गिरणीवाले म्हनत्यात, असा कुनी आमच्याकडं न्हवताच. पर त्या सकाळीच तो पोती शिवायला लागला होता, हजेरी दुसऱ्या दिवसापासनं धरनार होते. माझा माणूस हाय तो, आप्पा. महांतेश. त्याला कंच्या दवाखान्यात ठेवलंय?"