गुरुवारचं भजन

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून गिरिधर आपली महाल वस्ती सोडून थेट शहराच्या नंदनवन भागातल्या मीटिंगला आला. तोंडावरचा दुपट्टासुद्धा त्याने शाळेच्या ओसरीवर पोचल्यावरच सोडला.

"दारू सोडणाऱ्यांची मीटिंग इथंच आहे ना, बाबूजी?"

"हो, डाव्या खोलीत. या ना भाऊ," दाराशी बसलेले म्हातारे म्हणाले. "उजवीकडे घरच्यांची आहे. पिणाऱ्याले कसं सांभाळायचं, ते शिकून राहिले बिचारे."

उजव्या दाराबाहेर निळ्या दोऱ्याने अंगठा शिवलेल्या चपला होत्या. त्याच्या बायकोच्या, सुहासिनीच्या. सहा वर्षं दर गुरुवारी "भजनाला जाऊन येते" म्हणून ती घरातून निघायची.

त्या बंद दाराला गिरिधरने हात जोडले. मग आपले जोडे तिच्या चपलांना अगदी खेटून काढले, बाहेर येताना तिला आधी तेच दिसावेत म्हणून.