नावाचा तुकडा

आईच्या पंचाहत्तरीला मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. शेवटी म्हणाले, “खोड एकच. काही काम नसतं, तरी दिवसातून दहादा मला उगाच हाक मारते!” सगळे खो खो हसले. आईसुद्धा.

मग तिने केक कापला. तिचं नाव लिहिलेला मधला तुकडा मात्र अख्खा काढून बाजूला ठेवला.

“आजी, तो तर तुझा,” माझी लेक म्हणाली.

“माझा नाही गं. माझ्या ताईचा.”

आम्ही चाटच पडलो. आईला बहीण होती, हेच आम्हाला आज कळत होतं.

“सहाव्या वर्षी तापाने गेली,” आई म्हणाली. “माझा जन्मदाखला काढलाच नव्हता. बाबांनी तिच्याच दाखल्यावर मला शाळेत घातलं. आजची तारीख तिची, नावही तिचं. घरात सगळ्यांना ताकीद होती, हिला जुन्या नावाने हाक मारायची नाही.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

“मग तुझं नाव काय होतं, आई?”

“तुला ठेवलं ना ते,” आई म्हणाली. “तेवढंच माझ्या तोंडात राहतं.”