पॉलिशचा नमुना

सुहासिनीबाई चहा घेऊन नोएडातल्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये आल्या तेव्हा त्यांची सून क्षिप्रा कातीव लाकडी वाडग्याला नवं पॉलिश लावून बघत होती. टिकलं तर परदेशातून ऑर्डर मिळणार होती. तेवढ्यात हेरंब, त्यांचा मुलगा, आत घुसला. "उद्या कंपनीची गाडी येतेय. हे भंगार हलव!" "नमुना वाळू दे," क्षिप्रा म्हणाली. त्याने थिनरचा डबा तिच्या डोक्यावर उपडा केला आणि लायटर काढला. नुसता धमकावतोय, असं सुहासिनीबाईंना वाटलं. मग लायटरच्या चाकावर अंगठा गेला. लाकूड कातायच्या लेथजवळ पडलेला पलंगाचा सुटा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी लेकाच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं, लायटर खाली पडला. तो डाव्या हाताने लायटर उचलायला गेला, तेव्हा त्यांनी तोही हात मोडला. नळीचं पाणी सुनेवर सोडत त्या जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, "हाथ मैंने तोडे. पुलिस बुलाओ."