पहिला किलोमीटर

इंद्रायणी गोठ्याच्या ओट्यावर बसली होती आणि कालचे बूट अजून तिच्या पायातच होते. रात्री ती तशीच झोपली होती. उज्ज्वलाने, तिच्या आईने, दोनदा हाक मारली आणि शेवटी पिठलं-भाकरी तिथेच आणून ठेवली. इंद्रायणीने अर्धी भाकरी खाल्ली. चव लागली नाही, आणि लागली नाही याचं तिला काही वाटलंही नाही.

काल पुण्यात दहा किलोमीटरची निवड शर्यत होती. पहिल्या सहा जणी जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या. इंद्रायणीचा नंबर कुणाला सांगावा असा आला नाही.

तिच्यापेक्षा तिचा चुलता दादाभाऊ जास्त खचला होता. बोरी बुद्रुकमध्ये त्याला सगळे ओळखतात ते बैलगाड्यामुळे. निम्मं आयुष्य घाटात, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, गेलेला माणूस. घाटात बारी सुटली, एका गाड्याची धाव सुरू झाली, की डोळ्याचं पातं लवेपर्यंत गाडा निशाणाला जाऊन भिडतो. दम राखून पळणाऱ्या बैलाला तिथे कुत्रं विचारत नाही. काल तो पहिल्यांदाच पुतणीची शर्यत बघायला गेला, सुरुवातीच्या रेषेजवळ दोरीला पोट लावून उभा राहिला आणि शिट्टी वाजताच घाटात ओरडतात तसा ओरडला, "भिर्रर्र! सोड इंदे, सोड!"

इंद्रायणीने सोडलं. पहिला किलोमीटर ती सगळ्यांच्या पुढे होती, इतकी पुढे की दादाभाऊने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग एकेक करून सगळ्या तिला मागे टाकून गेल्या.

आता दादाभाऊ चुलीवरचं गरम पाणी घमेल्यात ओतून घेऊन आला. बैल जिंकून येवो की हरून, बारीनंतर त्याचे पाय शेकायचे, ही त्याची रीत. माणसाला काय करायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पाण्यात मूठभर मीठ टाकलं, हळद टाकली, घमेलं तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"बूट काड."

तिने काढले. एका टाचेला मोजा चिकटला होता, तो ओढला तेव्हा साल निघालं. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. दुसऱ्या कुणाचे असावेत तसे तिने ते पाय बघितले आणि पाण्यात सोडले. पाण्यातून वाफा येत होत्या.

"लई गरम झालं का?"

"म्हाईत न्हाई."

दादाभाऊ उगाचच पाखऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"माजंच चुकलं, पोरी. तुज्या सरांनी बजावलं व्हतं मला, वरडायचं न्हाई म्हणून. पण शिट्टी झाली आन् ऱ्हावलंच न्हाई."

"तुमच्यामुळं न्हाई, तात्या." तिच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "दम राखायचा असतो, मला बी म्हाईत व्हतं की. पण सगळ्यांच्या पुढं मी कवाच नव्हते. लई बरं वाटलं. म्हणून पळाले."

बैलाने शेपटी झटकली. आत उज्ज्वला भांडी घासत होती.

"मंचरची कवा हाय?" त्याने विचारलं. संघातली आणखी एक जागा मंचरची शर्यत जिंकणारीसाठी राखून ठेवली होती, एवढं काल मैदानावरच त्याच्या कानावर आलं होतं.

"पुढच्या महिन्यात."

"जाणार का?"

इंद्रायणीने पाण्यात बोटं हलवली. सोललेल्या टाचेत मीठ झोंबलं आणि तिने पहिल्यांदा स्स केलं. पाय मात्र बाहेर काढला नाही.

"जाईन."

"आईला घेऊन जा. मी न्हाई येत. पुन्यांदा तोंड सुटायचं माजं."

दादाभाऊने बैलापुढचा चारा सारखा केला, रिकामी बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"या तुमी," ती म्हणाली. "पण सुरुवातीला थांबू नका. सातव्या किलोमीटरला उभं ऱ्हावा."

"तिथं काय बगू? तिथनं सुरुवात दिसायची न्हाई का शेवट."

"काल मी तिथनं चालाय लागले," इंद्रायणी म्हणाली. "रस्त्याला एक माणूस नव्हतं."