बूटवालीची जाहिरात

“लाखभर लोकांपर्यंत पोचवू तुम्हाला,” जाहिरात कंपनीचा माणूस म्हणाला.

“लाखभर लोकांचे पाय सारखेच असतात हो,” बूटवाली म्हणाली. “मला ज्यांचे सारखे नाहीत, ते हवेत.”

तो हसला. लॅपटॉप मिटला आणि सविस्तर पाठवतो म्हणून निघून गेला.

दुकान दोघी बहिणींचं. थोरली बूट बनवायची, धाकटी गिऱ्हाईक सांभाळायची. एक पाय आखूड असलेल्यांसाठी थोरली एका बुटाचा तळ असा काही उंच करायची, की चालणारा सरळ चालायचा आणि बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. पण समोरच्या इस्पितळातला हाडांचा विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि इकडची ये-जा थांबली. महिनाभरात एकच माणूस दुकानाची पायरी चढला होता, तोही पत्ता विचारायला. इंटरनेटवर जाहिरात करायची, नाहीतर शटर ओढून घरी बसायचं, असं धाकटीनं निक्षून सांगितलं. तिनंच ‘आखूड पायासाठी बूट बनवणाऱ्या दुकानाला जाहिरात करून देणारं कुणी हवंय’ असं मोबाइलवरून दोन-तीन ठिकाणी टाकलं होतं.

दुसरा आला तो एकटाच काम करणारा, चुणचुणीत. त्याला गिऱ्हाइकांचे फोटो हवे होते. आधी लंगडताना, मग ताठ चालताना.

“जे लपवायला माणसं माझ्याकडे येतात, तेच तुम्ही चव्हाट्यावर मांडणार?” थोरलीनं विचारलं. तोही निघून गेला.

तिसरी परगावची मुलगी होती. तिची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. तिनं कसलंच आश्वासन दिलं नाही, उलट तीच विचारत राहिली. तळ उंच केला की बूट जड होतो का? जिना उतरताना टाच सटकते का? सँडलला असं करता येतं का? थोरली आधी तुटक उत्तरं देत होती. मग तिनं स्टूल पुढे ओढलं.

धाकटी तिच्या कानाशी लागली. “ताई, ही दुसऱ्या कुणा बूटवाल्याची हेर तर नाही ना? एवढं खोदून कोण विचारतं?”

“तेच तर बघतेय,” थोरली पुटपुटली.

“लोक इंटरनेटवर काय शोधतात, त्याची यादी केलीय मी,” पलीकडून आवाज आला. “थांबा, आणते.”

फोन हातात धरूनच ती आतल्या खोलीत गेली. पडद्यावर तिचा चेहरा आणि मागे सरकणारं छत दिसत होतं. दर एका पावलाआड चित्र खाली जाई आणि परत वर येई. थोरली पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

“‘शाळेच्या बुटाला आतून उंची कशी द्यावी,’” मुलगी वाचू लागली. “‘एक पाय आखूड, नोकरीच्या मुलाखतीला काय घालावं.’ ‘चालताना खांदा वाकडा दिसतो, उपाय.’ लोक बूट शोधतच नाहीत, मावशी. म्हणून जाहिरात त्यांच्या शब्दांत लिहायची. फोटो फक्त बुटांचे. चेहरा कुणाचाच नको.”

धाकटीनं ताईकडे पाहिलं. ताईनं मान डोलावली.

“काम तुझं,” थोरली म्हणाली. “सोमवारी सुरू कर. फक्त एक सांग. तुझा कुठला पाय आखूड आहे गं?”

धाकटीनं ताईला कोपरानं ढोसलं. मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हळूच हसली.

“डावा. सव्वा इंच,” ती म्हणाली. “आठ वर्षं असं दुकान शोधतेय मी. तुमचं आहे हे कळलं, ते तुम्ही जाहिरातवाला शोधायला निघालात तेव्हा.”