गवा आडवा आला तेव्हा

अभयारण्यातल्या तंबूत रात्र काढून नवरा-बायको सकाळी परतीला लागले. गाडी ती चालवत होती. साठीत लायसन्स काढून जेमतेम दोन महिने झाले होते. शेजारी बसलेल्या नवऱ्याने याच जंगलातून तीस वर्षं बस हाकली होती.

वळणावर भलाथोरला गवा रस्त्यात आडवा उभा! तिने करकचून ब्रेक दाबला. हात हॉर्नकडे गेला.

"हॉर्न नको," तो शांतपणे म्हणाला. "इंजिन बंद करा. त्याला घाई नाही, आपल्यालाही नाही."

विस्मरणाचा आजार जडल्यापासून तो एवढं सलग बोलला नव्हता. तिने किल्ली फिरवली. गव्याने दोघांना न्याहाळलं आणि रमतगमत झाडीत शिरला. तिने हुश्श केलं.

"ताई, हात चांगला बसलाय हो तुमचा," तो कौतुकाने म्हणाला. "आमच्या हिलाही शिकवाल का? फार हौस आहे तिला. मला मेल्याला कधी सवडच झाली नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात ही कबुली ती पहिल्यांदाच ऐकत होती. डोळे पुसून तिने गाडी सुरू केली.

"शिकवीन की. पहिली चक्कर तुम्हालाच घेऊन मारेल बघा ती."